दुरुस्तीपूर्वींची प्रत

घरांतील एखादी वस्तु बिघडली म्हणजे ती दुरुस्त करून घ्यावी हा आपला सहज स्वभाव आहे. सायकलीचें चाक वाकलें तर आपण ती दुकानांत नेतों, घड्याळ थांबलें तर घड्याळजीकडे देतों. आणि वस्तु परत आली म्हणजे पूर्वींचीच सायकल व पूर्वींचेंच घड्याळ आपल्या हातीं येतें. संगणकाची गोष्ट मात्र निराळी आहे. तो दुरुस्त होऊन परत येतो, त्याचा पडदा उजळतो, कळा नीट चालतात. परंतु त्याच्या पोटांत आपण वर्षानुवर्षें सांठविलेलें लिखाण, हिशेब, छायाचित्रें व आवाज तेथें असतीलच असें नाहीं. दुरुस्त करणारा यंत्र दुरुस्त करतो. यंत्रांतील आपली ठेव राखणें हें त्याचें काम नव्हे, तें आपलें आहे. तें काम आधींच कां करावें व कोणत्या क्रमानें करावें, याचा विचार आम्ही या लेखांत करणार आहों.

प्रथम यंत्र व ठेव यांतील भेद लक्षांत घ्यावा. यंत्र विकत मिळतें. विंडोजसारखी कार्यप्रणाली पुन्हां बसवितां येते. दहावीची गुणपत्रिका हरवली तर मंडळाकडून दुसरी प्रत मिळते, आणि केंद्र सरकारनें २०१५ सालीं सुरू केलेल्या डिजिलॉकरमध्येंहि ती पाहतां येते. परंतु बहिणीच्या लग्नाचीं छायाचित्रें, वडिलांच्या दुकानांतील उधारीचा हिशेब, चार महिने खपून तयार केलेला विज्ञान-प्रदर्शनाचा प्रकल्प, यांची दुसरी प्रत कोणत्याहि कचेरींत नसते. ती आपणच केली असेल तर आहे, नाहीं तर नाहीं.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या मुलांना हा भेद फोड करून सांगावयास नको. खाण्याची ज्वारी कणगींत भरावयाची व बियाण्याची ज्वारी निवडून, राख लावून निराळ्या जागीं ठेवावयाची, आणि घरांत कितीहि ओढ असली तरी बियाण्याला हात लावावयाचा नाहीं, अशी जुन्या शेतकऱ्यांची रीत होती. कणगीला कीड लागली तर एक वर्ष अडचणीचें जाई. बियाणें गेलें तर पुढची पेरणीच जाई. संगणकांतील ठेवीची प्रत म्हणजे असें वेगळें राखलेलें बियाणें होय.

प्रतीचें मोल काय असतें याचें एक उदाहरण आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यांतच आहे. मोर्शी तालुक्यांतील रिद्धपूर हें महानुभाव पंथाचें मोठें क्षेत्र. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत म्हाइंभट यांनीं चक्रधरस्वामींच्या सहवासांतील मंडळींना भेटून त्यांच्या आठवणी गोळा केल्या, व त्यांतून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलें. मराठी गद्याचा आरंभ याच ग्रंथापासून सांगतात. पुढें चौदाव्या शतकाच्या आरंभीं दिल्लीच्या फौजा देवगिरीच्या राज्यावर चालून आल्या, व त्या धामधुमींत मूळ पोथी नाहींशी झाली, असें पंथाची परंपरा सांगते. ग्रंथ वांचला तो माणसांच्या पाठांतरामुळें. हिराइसा नांवाच्या बाईंना तो मुखोद्गत होता. त्यांच्या पाठांतरावरून तयार झालेल्या प्रतीला ‘हिराइसापाठ’ असें नांव पडलें. इतर शिष्यांनींहि आपापल्या स्मरणानें प्रती सिद्ध केल्या. या प्रती एकमेकींशीं तंतोतंत जुळत नाहींत, त्यामुळें मूळ पाठ कोणता हा प्रश्न आजहि अभ्यासकांपुढें आहे. यांतून दोन गोष्टी शिकावयाच्या. पहिली ही, कीं जें अनेकांजवळ होतें तें वांचलें. दुसरी ही, कीं नाश झाल्यावर मागाहून जुळविलेली प्रत नाशाआधीं केलेल्या प्रतीची बरोबरी करूं शकत नाहीं.

संगणकाच्या बाबतींत तर मागाहून जुळविण्याचीहि सोय पुष्कळदां नसते. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या एका विद्यार्थिनीनें मराठीच्या तासाला दिलेल्या कामासाठीं आपल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित केल्या व घरच्या लॅपटॉपमध्यें सांठविल्या. त्याच पावसाळ्यांत आजी वारली. पुढें लॅपटॉप सुरू होईना, म्हणून वडिलांनीं तो एका दुकानांत दिला. दुकानदारानें आपलें काम चोख केलें. डिस्क कोरी करून विंडोज नव्यानें बसविलें, आणि दोन दिवसांत यंत्र परत दिलें. डिस्क कोरी करूं का, असें त्यानें विचारलें होतें कीं नाहीं, याविषयीं त्या घरांत अजून मतभेद आहे. यंत्र उत्तम चालूं लागलें. आजीचा आवाज मात्र गेला. मुलीच्या आईला सासूच्या कांहीं ओव्या पाठ होत्या, त्या तिनें वहींत उतरविल्या. म्हणजे शब्द थोडे वांचले, गळा वांचला नाहीं. हिराइसांचें पाठांतर ग्रंथ परत देऊं शकलें. आवाज पाठांतरानें परत येत नाहीं.

आतां डिस्क कोरी झाली म्हणजे नेमकें काय होतें तें पाहूं. संगणकाची ठेव ज्या भागांत राहते त्याला हार्ड डिस्क म्हणतात. १९५६ सालीं आयबीएम कंपनीनें पहिली अशी डिस्क बाजारांत आणली. तिच्यांत २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या, आणि तिच्यांत सुमारें ५० लक्ष अक्षरें मावत. आज तळहातावर मावणाऱ्या डिस्कमध्यें त्याच्या लाखों पट ठेव राहते. चकती मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते, व तिच्यावरून लोहचुंबकीय खुणा लिहिणारें व वाचणारें लहानसें टोक चकतीला न टेकतां अगदीं लगत फिरतें. दोहोंमधील अंतर केसाच्या जाडीच्या हजारों हिश्शानें कमी असतें. म्हणूनच धक्का बसला, किंवा आंत धूळ गेली, तर चकतीवर ओरखडा पडतो. नव्या संगणकांत फिरणाऱ्या चकतीऐवजीं एसएसडी नांवाची डिस्क असते. तिच्यांत फिरणारा भाग नसतो. ठेव विजेच्या सूक्ष्म भारांच्या रूपानें राहते. ती धक्का अधिक सोसते, परंतु बिघडतांना बहुधा पूर्वसूचना देत नाहीं.

आपण एखादी फाइल पुसतों तेव्हां चकतीवरची ती खूण लगेच नाहींशी होत नाहीं. ही जागा आतां मोकळी आहे, एवढीच नोंद संगणक करतो, आणि पुढें त्या जागीं नवें लिखाण आलें म्हणजे जुनें कायमचें जातें. एसएसडीमध्यें तर पुसलेली जागा संगणक स्वतःहून लवकरच साफ करून टाकतो. यावरून उघड होईल, कीं बिघडलेल्या डिस्कवर नवी कार्यप्रणाली बसविणें म्हणजे आपल्याच जुन्या लिखाणावर नवें लिखाण करणें होय.

तेव्हां संगणक बिघडल्याचें दिसतांच करावयाचें पहिलें काम म्हणजे थांबणें. डिस्कमधून टकटक असा आवाज येऊं लागला, फाइली उघडण्यास फार वेळ लागूं लागला, किंवा कालपर्यंत दिसणारें फोल्डर आज दिसेनासें झालें, तर पुन्हां पुन्हां चालू-बंद करून पाहूं नये. टकटक ऐकूं येत असेल तर यंत्र लगेच बंद करावें. प्रत्येक नव्या प्रयत्नानें ओरखडा वाढतो. ‘संगणक बरा करणारे’ म्हणून मिळणारे कार्यक्रम त्याच डिस्कवर उतरवून घेऊं नयेत. यंत्रांत पाणी गेलें असेल तर वीज मुळींच जोडूं नये. डिस्क घरीं उघडून पाहण्याचा मोह तर कधींच धरूं नये.

दुसरें काम म्हणजे बिघाड कोठें आहे हें ओळखणें. पडदा फुटला, कळा बसल्या, किंवा बॅटरी संपली, तर ठेव बहुधा सुखरूप असते. निराळा पडदा किंवा कळफलक जोडून प्रत काढतां येते. यंत्र सुरूच होत नसेल तर दोन मार्ग आहेत. एक मार्ग असा, कीं पेनड्राइव्हवरून चालणारी उबंटूसारखी लिनक्स प्रणाली दुसऱ्या संगणकावर तयार करून घ्यावी व बिघडलेला संगणक तिच्या साहाय्यानें सुरू करावा. या वेळीं ‘बसवा’ हा पर्याय न निवडतां ‘करून पाहा’ हा पर्याय निवडावा. म्हणजे मूळ डिस्कवर कांहींहि न लिहितां तिच्यांतील फाइली बाहेर काढतां येतात. दुसरा मार्ग म्हणजे डिस्क काढून ती योग्य पेटींत बसवावी व तारेनें चांगल्या संगणकाला जोडावी. कांहीं नव्या लॅपटॉपांत डिस्क मुख्य फलकावरच जडविलेली असते, तेथें हा मार्ग चालत नाहीं. हीं कामें मुलांनीं एकट्यानें करूं नयेत. जाणत्या मनुष्यास जवळ बसवून करावीं.

तिसरें काम प्रत काढण्याचें. आजारी डिस्क किती वेळ साथ देईल हें सांगतां येत नाहीं, म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. जें दुसरीकडे कोठेंच नाहीं तें आधीं काढावें: स्वतःचें लिखाण, हिशेब, छायाचित्रें, आवाज. चित्रपट, गाणीं व खेळ पुन्हां मिळतात. त्यांत वेळ घालवूं नये. फाइली सर्वदां एकाच जागीं नसतात. ‘डॉक्युमेंट्स’ व ‘पिक्चर्स’ यांबरोबर पडद्यावर ठेवलेल्या फाइली व ‘डाउनलोड्स’ हेंहि पाहावें. दुकानाच्या हिशेबाचे कार्यक्रम आपली नोंद पुष्कळदां स्वतःच्या निराळ्या फोल्डरमध्यें ठेवतात. तें कोणतें, हें वडिलांना किंवा हिशेबनिसाला विचारून घ्यावें.

चौथें काम बहुतेक जण विसरतात, तें म्हणजे प्रत वाचून पाहणें. १९९८ सालीं अमेरिकेंतील पिक्सार या चित्रपटसंस्थेंत ‘टॉय स्टोरी २’ या बोलपटाचें काम चालू असतां एका चुकीच्या आज्ञेनें त्याचा बराचसा भाग पुसला गेला. संस्थेनें प्रती ठेविल्या होत्या. परंतु गरज पडली तेव्हां त्या प्रती नीट निघत नव्हत्या असें आढळलें. बाळंतपणानंतर घरून काम करणाऱ्या एका बाईंच्या संगणकांत निराळी प्रत होती, तिच्यामुळें तें काम सांवरलें. एवढ्या मोठ्या संस्थेवर जो प्रसंग आला तो आपल्यावरहि येऊं शकतो. म्हणून प्रत झाल्यावर मूळ व प्रत यांतील फाइलींची संख्या व आकार ताडून पाहावे, आणि प्रत दुसऱ्या संगणकाला जोडून निरनिराळ्या फोल्डरमधील दहापांच फाइली प्रत्यक्ष उघडाव्या. नांव दिसणें म्हणजे फाइल असणें नव्हे.

मराठी लिहिणाऱ्यांना येथें आणखी एक अडचण आहे. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वीं श्री-लिपि, कृतिदेव, शिवाजी इत्यादि फॉंट वापरून लिहिलेला मजकूर कित्येक घरांत, छापखान्यांत व शाळांत अजून आहे. अशा फाइलींत आंत रोमन अक्षरांचींच चिन्हें असतात. त्यांना मराठी रूप फॉंट देतो. विंडोज नव्यानें बसविल्यावर तो फॉंट नसला कीं आजोबांचें आत्मवृत्त अर्थहीन रोमन अक्षरांची रांग होऊन समोर येतें. यासाठीं फाइलींबरोबर फॉंटचीहि प्रत ठेवावी, आणि सवड काढून असा मजकूर युनिकोडमध्यें बदलून घ्यावा. रिद्धपूरच्या परंपरेंतहि असेंच घडलें होतें. महानुभावांनीं आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिपींत लिहून जतन केले. ग्रंथ सुखरूप राहिले. परंतु किल्ली पंथाबाहेर कोणाजवळ नसल्यामुळें विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत बाहेरच्या अभ्यासकांना ते वाचतां येत नव्हते. पोथी राखावी तशी तिची किल्लीहि राखावी लागते.

आजच्या संगणकांत ही किल्ली पासवर्डच्या रूपानें असते. कित्येक नव्या विंडोज संगणकांत डिस्कवरील सर्व ठेव आपोआप कुलूपबंद होते, व तिच्यासाठीं ४८ आंकड्यांची एक परतावा-किल्ली असते. दुरुस्तींत मुख्य फलक बदलला गेला तर संगणक ही किल्ली मागतो. ती नसेल तर डिस्क चांगली असूनहि आंतील ठेव मिळत नाहीं. म्हणून यंत्र चांगलें आहे तोंवरच ती किल्ली आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यांतून पाहून कागदावर उतरवावी व तो कागद महत्त्वाच्या दस्तऐवजांबरोबर ठेवावा.

पांचवें काम यंत्र दुसऱ्याच्या हातीं देण्यापूर्वींचें आहे. प्रत घेऊन झाली, ती वाचूनहि पाहिली, म्हणजे यंत्रांतील खाजगी वस्तु काढून टाकाव्या, मेल व बँकेच्या खात्यांतून बाहेर पडावें, आणि दुरुस्तीसाठीं निराळें साधें खातें उघडून द्यावें. आपला नेहमींचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून यंत्राला चिकटवूं नये. बिघाड पडद्याचा किंवा कळांचा असेल, आणि डिस्क सुटी करतां येत असेल, तर ती घरींच ठेवावी. २००८ सालीं हाँगकाँग येथें एका प्रसिद्ध नटानें दुरुस्तीस दिलेल्या संगणकांतून त्याचीं खाजगी छायाचित्रें चोरलीं गेलीं व जगभर पसरलीं. चोरणाऱ्यास पुढें तुरुंगवास झाला, पण पसरलेलीं छायाचित्रें परत गोळा झालीं नाहींत. आपल्या देशांतहि परवानगीवांचून दुसऱ्याच्या संगणकांतील माहिती घेणें हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० यांतील कलम ४३ व ६६ अन्वयें गुन्हा ठरतो. कायदा आहे हें चांगलेंच. परंतु कुलूप लावण्याचें काम कायदा आपल्यासाठीं करीत नाहीं. बहुतेक कारागीर सचोटीचे असतात, आणि अशी काळजी घेण्यांत त्यांचा अपमान नाहीं. काय काढावयाचें, डिस्क कोरी करावयाची कीं नाहीं, हें कागदावर लिहून द्यावें. त्यांत दोघांचेंहि हित आहे.

प्रत कोठें ठेवावी, हा शेवटचा प्रश्न. २१ जून २०१२ रोजीं मुंबईच्या मंत्रालयाला आग लागली. तींत पांच जणांचे प्राण गेले, व असंख्य कागद जळाले. आग लागली म्हणजे एकाच कपाटांत ठेवलेलें मूळ व नक्कल सारखेंच जळतें. आपल्या जिल्ह्यांतहि २२ जुलै २०२३ रोजीं अतिवृष्टीनें पाणीच पाणी झालें. महागाव तालुक्यांतील आनंदनगर येथील लोक पुरानें वेढले गेले, व त्यांच्या सुटकेसाठीं वायुदलाची मदत मागवावी लागली. अशा वेळीं मनुष्य प्रथम जीव वांचवितो, आणि तेंच योग्य आहे. प्रत दुसऱ्या ठिकाणीं असेल तर त्याला मागें वळून पाहावें लागत नाहीं.

पीटर क्रोग नांवाच्या अमेरिकी छायाचित्रकारानें यासाठीं एक सोपा नियम प्रचारांत आणला: मूळ धरून तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि त्यांपैकीं एक घराबाहेर. आपल्यापुरतें सांगावयाचें तर एक संगणकांत, एक बाहेरच्या डिस्कवर, व एक मामांच्या घरीं किंवा इंटरनेटवरील सांठ्यांत. इंटरनेटवरील सांठ्याविषयीं एक सावधगिरी ठेवावी. कांहीं सोयी संगणकांतील बदल जसाच्या तसा तेथें उतरवितात; येथें पुसलें तर तेथूनहि पुसलें जातें. तसेंच बाहेरची डिस्क काम संपतांच काढून ठेवावी. २०१७ सालच्या मे महिन्यांत ‘वॉनाक्राय’ नांवाच्या दुष्ट कार्यक्रमानें अनेक देशांतील संगणकांच्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. असा कार्यक्रम शिरला तर जोडून ठेवलेली प्रतहि त्याच्या तडाख्यांत सांपडते.

पालकांस एक विनंति. बिघडलेल्या डिस्कमधून ठेव बाहेर काढणारे तज्ज्ञ मोठ्या शहरांत आहेत. परंतु त्यांचा खर्च पुष्कळदां नव्या डिस्कच्या किमतीहून कितीतरी अधिक येतो, आणि यशाची खात्री कोणी देत नाहीं. त्यापेक्षां महिन्यांतून एक दिवस ठरवून, मुलांना जवळ घेऊन, घरच्या संगणकाची व मोबाइलची प्रत काढावी. कोणतीं छायाचित्रें राखावयाचीं हें मुलांबरोबर ठरवितांना घरांतल्या वडील माणसांच्या चार गोष्टीहि निघतात, आणि कोणाचा आवाज अजून मुद्रित करावयाचा राहिला आहे, हेंहि ध्यानांत येतें. बिघाड दिवस विचारून येत नाहीं. प्रतीचा दिवस मात्र आपल्याला ठरवितां येतो.

अभ्यास: (१) तुमच्या घरच्या संगणकांत किंवा मोबाइलमध्यें अशा कोणत्या पांच वस्तु आहेत, कीं ज्यांची दुसरी प्रत कोठेंहि नाहीं? त्यांची यादी करा. (२) त्या पांचांची प्रत काढून ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहा, व काय आढळलें तें लिहा. (३) मूळ पोथी गेल्यावरहि ‘लीळाचरित्र’ कां वांचलें, आणि पुसली गेलेली फाइल तशी कां वांचत नाहीं, हें आपल्या शब्दांत सांगा.